व्यंगपत्र आणि पैसा : पॅरिसच्या ‘शारिवारी’पासून तरवडीच्या ‘दीनमित्र’पर्यंत

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याहून ‘हिंदू पंच’ नावाचे एक मराठी पत्र प्रसिद्ध होत असे. ‘पंच’ हा शब्द मराठी वाचकाला गावच्या पंचाची आठवण करून देणारा. तथापि या पत्राने तो शब्द गावच्या चावडीवरून घेतलेला नव्हता, तो लंडनहून आलेला होता. १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये ‘पंच’ हे व्यंगसाप्ताहिक सुरू झाले आणि त्याचे उपशीर्षक ‘द लंडन शारिवारी’ असे होते. म्हणजे लंडनच्या ‘पंच’नेही आपले कूळ पॅरिसमध्येच सांगितले होते. मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ निघाला, तो पुढे ‘हिंदी पंच’ या नावाने बरजोरजी नौरोजी यांच्या संपादनाखाली नावारूपाला आला. लखनौला १८७७ साली ‘अवध पंच’ निघाला. ठाण्याचा ‘हिंदू पंच’ याच कुळातला. नाव असे पिढ्यानपिढ्या चालत आले. पण नावाबरोबर मूळ घराण्याचा एक विशेष गुण आला की नाही, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. तो गुण म्हणजे पैशाच्या व्यवहारावर, भागभांडवलाच्या आमिषावर आणि हिशेबाच्या लबाडीवर सातत्याने हसण्याचा.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन अंगांनी केला आहे. व्यंगपत्राने पैशाची टवाळी कशी केली, हे एक अंग. व्यंगपत्र स्वतः कोणाच्या पैशावर जगले, हे दुसरे. ही दोन अंगे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, असे या इतिहासावरून दिसते.

‘शारिवारी’ची घडण

‘शारिवारी’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ भांडी बडवून, ओरडून एखाद्याच्या दारात केलेला गोंगाट असा आहे. न पटणारा विवाह किंवा गावाला न रुचणारे वर्तन यांवर गावकरी अशी जाहीर शिक्षा करीत. मराठीत शिमग्याची बोंब जे काम करते, त्याच्या जवळपासचे हे काम होते. शार्ल फिलिपाँ (१८००–१८६२) या मूळच्या लियाँच्या चित्रकार-प्रकाशकाने १ डिसेंबर १८३२ रोजी हे नाव घेऊन एक दैनिक सुरू केले. रोज चार पाने आणि त्यांत एक नवे चित्र, असे त्याचे स्वरूप होते. त्याआधी १८३० पासून त्याचे ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक चालू होतेच.

या दोन्ही पत्रांचा रोख प्रथम राजा लुई फिलिप याच्यावर होता. पण तेव्हाही राजावरील टीका अनेकदा खजिन्याच्या वाटेने जाई. ओनोरे दोमिए याच्या ‘गार्गांतुआ’ (१८३१) या गाजलेल्या चित्रात राजा एका अवाढव्य खादाडाच्या रूपात बसलेला आहे. गोरगरिबांनी आणलेली नाण्यांची ओझी एका लांब फळीवरून त्याच्या तोंडात ओतली जात आहेत आणि त्याच्या आसनाखालून पदव्या, नेमणुका व सनदा बाहेर पडत आहेत. अर्थसंकल्पाचे जमा आणि खर्च असे दोन्ही रकाने एकाच चित्रात आले! या चित्राबद्दल दोमिएला सहा महिन्यांची कैद व पाचशे फ्रँकचा दंड अशी शिक्षा झाली आणि १८३२-३३ मध्ये ती त्याने भोगली.

दंड भरावयाचा कोठून, हा प्रश्न फिलिपाँपुढे सतत असे. त्यावर त्याने काढलेला तोडगा वृत्तपत्रांच्या अर्थकारणाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. १८३२ साली त्याने एक मासिक शिळाछाप संघ स्थापन केला. वर्गणीदारास दरमहा एक मोठे, उत्तम कागदावर छापलेले चित्र मिळावे आणि जमलेल्या रकमेतून पत्रावरील दंड भागवावेत, अशी ती योजना होती. या संघाची एकूण चोवीस चित्रे निघाली. त्यांतील अखेरचे ‘र्‍यू त्रांस्नोनँ’ हे चित्र. एप्रिल १८३४ मध्ये सैनिकांनी एका घरात शिरून केलेल्या हत्याकांडावरील हे दोमिएचे चित्र आज त्याच्या सर्वोत्तम कृतींपैकी एक मानले जाते. शिक्षेच्या खर्चासाठी काढलेल्या वर्गणीतून अशी कलाकृती निर्माण व्हावी, हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

सप्टेंबर १८३५ च्या कायद्यांनी हा खेळ संपविला. पॅरिसच्या दैनिकांना एक लाख फ्रँकची अनामत ठेवणे आवश्यक झाले आणि चित्रांवर पूर्वनियंत्रण आले. ‘ला कारिकात्यूर’ बंद पडले. ‘शारिवारी’ टिकले, मात्र राजाला हात लावण्याची सोय राहिली नाही. राजावर बंदी आली तेव्हा फिलिपाँ आणि दोमिए शेअरबाजाराकडे वळले.

रोबेर माकेर आणि भागभांडवलाची जत्रा

ऑगस्ट १८३६ ते नोव्हेंबर १८३८ या काळात ‘शारिवारी’त ‘रोबेर माकेर’ ही शंभर चित्रांची माला प्रसिद्ध झाली. चित्रे दोमिएची आणि त्यांखालील संवाद फिलिपाँचे. माकेर हा मूळचा रंगभूमीवरचा दरोडेखोर. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने १८२३ साली एका सामान्य भयनाट्यातील हे पात्र विनोदी करून टाकले होते. ‘शारिवारी’ने त्याच्या अंगावर उंची कोट चढविला आणि त्याला कंपनीचा प्रवर्तक, बँकर, वकील, वैद्य, संपादक अशा नाना व्यवसायांत पाठविले. सोबत बेर्त्राँ हा त्याचा बावळट साथीदार असतोच. मालेच्या पहिल्याच चित्रात माकेर बेर्त्राँपुढे बँक काढण्याचा बेत मांडतो. भांडवलाचा आकडा उच्चारतानाच दम लागावा एवढा मोठा. बेर्त्राँला पोलिसांची भीती वाटते. त्यावर माकेर त्याला मूर्खात काढतो, कारण कोट्यधीशाला कोणी पकडल्याचे त्याने कधी ऐकलेले नसते.

हा विनोद त्या काळच्या वाचकाला इतका का भिडला, हे समजण्यासाठी तेव्हाचा कंपनी कायदा थोडा पाहावा लागतो. फ्रान्सच्या १८०७ च्या व्यापारी संहितेप्रमाणे पूर्ण मर्यादित जबाबदारीची कंपनी काढण्यास सरकारची परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. परंतु भागीदारीचा एक प्रकार असा होता की, त्यात चालक भागीदाराची जबाबदारी अमर्याद, पैसे घालणाऱ्यांची जबाबदारी मात्र त्यांनी घातलेल्या रकमेपुरतीच. या दुसऱ्या वर्गाचे भाग पाडून बाजारात विकता येत आणि त्यासाठी परवानगीची अट नव्हती. परिणामी १८३६ ते १८३८ या दोन-तीन वर्षांत कोळशाच्या खाणी, डांबर, वृत्तपत्रे अशा सर्व प्रकारच्या उद्योगांचे भाग विक्रीस आले. अमर्याद जबाबदारी घेणारा चालक बहुधा कफल्लकच असे. त्याच्याकडून वसूल काय करणार? या पळवाटेवर कठोर निर्बंध घालणारा कायदा व्हायला १८५६ साल उजाडले. म्हणजे कायद्याला जे दिसण्यास वीस वर्षे लागली, ते व्यंगचित्रमालेने दोन वर्षांत शंभर वेळा दाखविले होते.

येथे आणखी एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. जुलै १८३६ मध्ये, म्हणजे माकेर अवतरण्याच्या महिना-दीड महिना आधी, एमिल द जिरार्दँ याने ‘ला प्रेस’ हे दैनिक काढले. इतर दैनिकांची वार्षिक वर्गणी ऐंशी फ्रँकच्या घरात असताना त्याची चाळीस होती. तूट जाहिरातींनी भरून काढावयाची, हे त्याचे गणित. आजच्या वृत्तपत्रांचे सर्व अर्थकारण या गणितावर उभे आहे. ‘शारिवारी’ने जिरार्दँची यथेच्छ थट्टा केली, आणि त्यामागे केवळ धंद्यातील स्पर्धा नव्हती. वाचक अर्धी किंमत देतो, उरलेली अर्धी जाहिरातदार देतो. मग त्या जाहिरातदाराच्या कंपनीवर हसणार कोण, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

त्याचे उत्तर फ्रान्सला पुढे फार महाग पडले. १८८९ साली पनामा कालव्याची कंपनी बुडाली, १८९२ मध्ये त्यातील लाचलुचपत बाहेर आली. तेव्हा कंपनीने वृत्तपत्रांना मोठाल्या रकमा वाटल्याचे उघड झाले. रशियाच्या झारशाहीच्या कर्जरोख्यांची शिफारस करण्यासाठी आर्थर राफालोविच हा रशियन सरकारचा माणूस पॅरिसच्या पत्रांना वर्षानुवर्षे पैसे पोहोचवीत होता. बोल्शेविक सरकारने १९१८ साली ती कर्जे नाकारली व लक्षावधी सामान्य फ्रेंच ठेवीदार बुडाले. राफालोविचची पत्रे ‘ल्युमानिते’ या दैनिकाने १९२३-२४ मध्ये छापली, तेव्हा वाचकांना आपल्या विश्वासाची किंमत कळली. १० सप्टेंबर १९१५ रोजी सुरू झालेल्या ‘ल कानार आंशेने’ या व्यंगसाप्ताहिकाने जाहिरात अजिबात न घेण्याचा जो नेम केला आणि आजवर पाळला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. बायोनच्या नगरपालिकेच्या तारणगृहाचे खोटे रोखे खपविणारा स्ताविस्की जानेवारी १९३४ मध्ये मरण पावला आणि पोलिसांनी ती आत्महत्या ठरविली. तेव्हा आत्महत्येची ही गोळी दुसऱ्या कोणी तरी अगदी जवळून झाडली होती, अशा आशयाचा मथळा ‘कानार’ने दिला. पुढे १९७२ मध्ये पंतप्रधान शाबाँ-देल्मास यांची करविवरणे, १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार यांना बोकासाकडून मिळालेले हिरे आणि २०१७ मध्ये फियाँ यांच्या पत्नीचे वेतन ही प्रकरणे याच पत्राने बाहेर काढली. हसविणारे पत्र हिशेब तपासणारे पत्र झाले, ते वर्गणीदाराच्या पैशावर.

मुंबईची सट्टेबाजी आणि मराठी मौन

आता महाराष्ट्राकडे वळू. माकेरला शोभेल असा प्रसंग मुंबईत १८६० च्या दशकात घडला. अमेरिकेत एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना यांत ओतला गेला. प्रेमचंद रायचंद हे या सर्व उलाढालीचे केंद्र होते. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग सुमारे पन्नास हजारांपर्यंत चढला. १८६५ च्या वसंतात युद्ध थांबल्याची बातमी आली आणि डोलारा कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस सार्वत्रिक दिवाळखोरीचा ठरला. २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा भाग पुढे ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली. दिनशा वाच्छा यांनी १९१० साली या प्रकरणावर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले.

(राधानगरी परिसरातील वाचकाला येथे एक तुलना सुचेल. शाहू महाराजांनी भोगावतीवर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर आरंभलेले धरण संस्थानच्या खजिन्यातून हळूहळू उभे राहिले, महायुद्धाच्या काळात रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. त्यात कोणाचे भाग चढले नाहीत की पडले नाहीत. पाणी मात्र आले.)

मुंबईत एवढा हलकल्लोळ झाला, पण त्यातून मराठी विनोदात माकेरसारखे एखादे पात्र जन्मास आले नाही. याची कारणे शोधताना भाषेकडे आणि धंद्याकडे एकत्र पाहावे लागते. शेअरबाजार मुख्यतः गुजराती आणि इंग्रजी बोलत होता. ‘पारसी पंच’ही गुजराती-इंग्रजीच होता. मराठी पत्रे तेव्हा पुण्या-मुंबईच्या शिक्षितांच्या हाती होती आणि त्यांचा बहुतेक वाचक भाग घेणारा नव्हता, तर पगारदार होता. मराठी शेतकऱ्याला पैसा भेटे तो दोन रूपांत : सावकाराचे कर्ज आणि सरकारचा सारा. मे १८७५ मध्ये सुप्याला सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, यावरून त्यांचा राग नेमका कशावर होता हे स्पष्ट होते. तो कागदावर होता. फ्रेंच माणसाला फसविणारा कागद म्हणजे कंपनीचा भाग, मराठी माणसाला फसविणारा कागद म्हणजे मोडीत लिहिलेला दस्त. म्हणून मराठीतील माकेर शोधावयाचा तर दलाल स्ट्रीटवर नव्हे, चावडीवर शोधला पाहिजे.

‘दीनमित्र’ आणि चावडीचा हिशेब

तो सापडतो तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात. मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) हे सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव. भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ सुरू केला होता. मुकुंदरावांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालविले आणि ते खेड्यातून चालविले. त्या काळी वृत्तपत्र म्हणजे शहर हे समीकरण पक्के असताना छपाई, कागद आणि टपाल यांची सर्व अडचण सोसून हे पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे संपादकाच्या हयातीभर टिकले. ‘दीनमित्र’ हे ‘शारिवारी’सारखे निव्वळ व्यंगपत्र नव्हते, पण संपादकाची लेखणी उपरोधाची होती, आणि १९१३ साली त्यांनी लिहिलेले ‘कुलकर्णी लीलामृत’ हे काव्य पैशाच्या व्यवहारावरील मराठी व्यंगाचा उत्कृष्ट नमुना आहे.

गावचा कुलकर्णी हा वंशपरंपरेने हिशेबनीस. सारा किती, कोणी किती भरला, बाकी किती, तगाई कोणाला मिळाली, ही सर्व नोंद त्याच्या दप्तरात. शेतकऱ्याला मोडी वाचता येत नाही. भरलेल्या रकमेची पावती मिळाली नाही तर भरणा झाल्याचा पुरावा नाही. पावती मिळाली तरी तीवर काय लिहिले आहे ते वाचण्यासाठी पुन्हा कुलकर्ण्याकडेच जावे लागे. सावकाराचा दस्तही बहुधा तोच लिही. रयतवारी पद्धतीत सरकारने शेतकऱ्याशी थेट नाते जोडल्याचे सांगितले जाते, परंतु त्या थेट नात्याच्या मध्यभागी हे दप्तर होते. (मुंबई इलाख्यातील रयतवारीची इंदापूरची मोजणी १८३५-३६ ची. म्हणजे माकेर पॅरिसमध्ये बँक काढीत असताना इंदापूरला कुलकर्ण्याचे दप्तर नव्याने भरत होते!)

मुकुंदरावांचे कौशल्य विषयापेक्षा रूपाच्या निवडीत आहे. ‘लीलामृत’ हे नाव उच्चारताच मराठी कानाला पोथी आठवते. पोथीत देवाच्या लीला वर्णाव्यात, येथे कुलकर्ण्याच्या! पण हा केवळ शाब्दिक विनोद नव्हे. पोथी एक जण वाचतो आणि चाळीस जण ऐकतात. निरक्षर गावात व्यंग पोहोचविण्याचे याहून स्वस्त व खात्रीचे साधन नाही. पॅरिसमध्ये फिलिपाँचा मेहुणा ओबेर याच्या दुकानाच्या काचेत ‘शारिवारी’ची चित्रे लावलेली असत आणि ज्यांना वर्गणी परवडत नसे ते लोक तेथे गर्दी करून हसत. चित्राने तेथे जे केले ते पोथीने येथे केले : विकत न घेणाऱ्यालाही वाचक केले. हे साम्य उसने घेतलेले नाही. तरवडीला पॅरिसचे अनुकरण करण्याचे कारण नव्हते. समोरचा प्रश्न सारखा होता म्हणून उत्तर सारखे निघाले.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. काव्याने कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. महाराजांच्या निर्णयामागे स्वतंत्र प्रशासकीय व सामाजिक कारणे होती. पण ज्या व्यवहाराची पोथी पाच वर्षे आधी लिहिली गेली, त्याच व्यवहारावर हा निर्णय होता, एवढे निश्चित.

या परंपरेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कुलकर्णी हा एका जातीचा प्रतिनिधी म्हणूनही रंगविला गेला. ‘शेटजी-भटजी’ या जोडशब्दात सावकारी व पुरोहितशाही यांचे नाते अचूक पकडले आहे, पण त्या अचूकपणामुळेच सावकारी किंवा हिशेबाची लबाडी ही एखाद्या जातीची मिरास नाही, हे पाहण्याची सवय मागे पडली. माकेरला जात नव्हती. तो आज बँकर, उद्या वैद्य, परवा संपादक होऊ शकत होता. वतने गेली तसा मराठी विनोदातील हा कुलकर्णीही गेला. दप्तर राहिले आणि त्यावर बसणारे बदलले, तरी त्यांच्यासाठी नवे पात्र कोणी घडविले नाही.

जामीन, दावा, वर्गणी आणि आश्रय

पत्र टिकते कोणाच्या पैशावर, या दुसऱ्या अंगाकडे आता यावयाचे. फ्रान्सची अनामत भारतात जामीन म्हणून आली. १८७८ च्या लिटनच्या कायद्याने देशी भाषांतील पत्रांकडून जातमुचलका व जामीन मागण्याची तरतूद केली. रिपनच्या काळात तो रद्द झाला. १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये आणि एकदा जप्ती झाल्यावर पुन्हा उभे राहावयाचे तर एक हजार ते दहा हजार रुपये घेण्याचा अधिकार सरकारला दिला. शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ची वक्रोक्ती तुरुंगाने थांबली नाही, ती मोठ्या रकमेच्या जामिनाने थांबली. लेखकाला कैद करता येते आणि तो सुटून येतो. गोठलेले भांडवल परत येत नाही.

कोल्हापूरचा या इतिहासाशी संबंध १८८२ च्या खटल्याने येतो. कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयीच्या लेखनाबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ यांवर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. खटल्याच्या खर्चासाठी लोकांनी निधी जमविला. कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चा प्रयोग केला आणि त्यात तेव्हाचे विद्यार्थी गोपाळ कृष्ण गोखले यांनी भूमिका केल्याचे चरित्रकार नमूद करतात. फिलिपाँच्या शिळाछाप संघाचेच हे नाटकी रूप. पुढे काळाची गंमत अशी की, याच गोखल्यांनी आपल्यावरील आरोपांबद्दल ‘हिंदू पंच’वर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ च्या सुमारास ते पत्र बंद पडले. गोखल्यांचा दावा अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही, आरोप गंभीर होते. परंतु पंच कुळातील मराठी शाखा सरकारी जामिनाने नव्हे, तर एका सभ्य गृहस्थाच्या न्याय्य दाव्याने संपावी, हे ‘पंच’च्या संपादकालाच सुचावे असे होते.

जाहिरात व आश्रय यांचे उदाहरणही कोल्हापूरच देते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही घटना सर्वपरिचित आहे. शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. जाहिरातीचा बाजार सर्वांना सारखा खुला असतो, हा समज येथे मोडतो; पैसे असूनही जागा विकत मिळाली नाही. आश्रयदाता भला असला तर पत्र जगते. मात्र आश्रयावर जगणारे पत्र आश्रयदात्यावर हसू शकत नाही आणि त्याच्यानंतर त्याचे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. ‘मूकनायक’ला पुढे ही अडचण भोवलीच.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘मार्मिक’ने मराठीला पहिले खरे व्यंगचित्र साप्ताहिक दिले. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले. नाव सुचविले प्रबोधनकार ठाकरे यांनी. म्हणजे शाहूकालीन सत्यशोधकी उपरोधाचा धागा येथवर येतो. वृत्तपत्र वितरक बुवा दांगट यांचे आरंभी साहाय्य होते, आणि ते अर्थपूर्ण आहे, कारण पत्र कोठे खपेल हे संपादकापेक्षा वितरक जाणतो. ‘मार्मिक’चे सर्वांत परिणामकारक आर्थिक लेखन मात्र चित्रात नव्हते. ते होते ‘वाचा आणि थंड बसा’ या शीर्षकाखालील याद्यांत : मुंबईच्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांची नावे, एकाखाली एक. भाष्य जवळजवळ नाही. तंत्र म्हणून हे विलक्षण होते. यादीच व्यंग झाली. पण रोख कोणावर होता, हे तपासले तर ‘शारिवारी’शी असलेला फरक उघड होतो. यादीत पगारदारांची नावे होती, भागधारकांची नव्हती. नोकरी कोणाला मिळाली हे वाचकाला कळले. नफा कोणाला मिळाला हा प्रश्न यादीबाहेर राहिला. पुढे या पत्रातून पक्ष निर्माण झाला आणि मग पत्राचा आश्रयदाता कोण, या प्रश्नाला वेगळेच उत्तर मिळाले.

ठेवीदाराचा माकेर

मराठीत ‘दामदुपट’ हा शब्द मूळचा कर्जदाराच्या संरक्षणाचा. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मान्य केला होता. आज ‘दामदुप्पट’ हा शब्द ठेवींच्या पत्रकावर आमिष म्हणून छापला जातो. सावकाराला घातलेली मर्यादा ठेवीदाराला दाखविलेले स्वप्न झाली, आणि या अर्थांतरावर एखादा फिलिपाँ शंभर चित्रे काढू शकला असता. ठेवी बुडविणाऱ्या संस्थांसाठी महाराष्ट्राला १९९९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून अनुभवाची कमतरता नव्हती हे दिसते. १९९२ चा रोखे घोटाळा मुंबईतच झाला आणि तो उघडकीस आणला सुचेता दलाल यांनी, एका इंग्रजी दैनिकात. मराठी व्यंगचित्रे तेव्हा आली, परंतु ती बहुतेक त्या एका माणसाची चित्रे होती. माकेरसारखे प्रकरण विसरल्यावरही टिकणारे पात्र त्यांतून निघाले नाही.

ग्रामीण भागात प्रश्न अधिक बिकट आहे. तालुक्याच्या साप्ताहिकाचे वर्षाचे गणित वर्गणीवर बसत नाही. ते बसते वर्धापनदिनाच्या विशेषांकावर, दिवाळीच्या शुभेच्छांवर आणि पतसंस्था, दूधसंघ, साखर कारखाने यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसांवर. म्हणजे ज्यांचा ताळेबंद वाचावयाचा, त्यांच्याच ताळेबंदाच्या जाहिरातीवर पत्र चालते. संपादकाला यात दोष देण्यात अर्थ नाही. जिरार्दँचे १८३६ चे गणित त्याच्या वाट्याला आले आहे आणि ‘कानार’सारखा वर्गणीदार त्याच्या तालुक्यात नाही. विशेष म्हणजे नोटिशीचा मजकूर पूर्ण छापलेला असतो : सभासदसंख्या, ठेवी, कर्जे, थकबाकी, तरतूद, लाभांश. चावडीच्या दप्तरासारखा तो मोडीत नाही, स्वच्छ देवनागरीत आहे. मुकुंदरावांच्या श्रोत्याला जे वाचता येत नव्हते, ते आज सर्वांना वाचता येते, आणि ते पान बहुधा न वाचताच उलटले जाते.